शिसं सुटलेली अक्षरं : पुण्यातल्या एका लष्करी दफनभूमीतल्या नामस्तंभाचं प्रकरण

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी पुष्पचक्र वाहण्याचा कार्यक्रम, त्याआधी स्मारक "चकाचक" हवं आणि हातात तीन आठवडे. स्मारकाच्या कामाची बहुतेक प्रकरणं अशीच दाराशी येतात. इथे मांडलेलं प्रकरण एकाच स्मारकाचं म्हणून लिहिलं आहे, पण त्यातल्या अडचणी पुण्याच्या छावणी भागातल्या जुन्या दफनभूमींत वेगवेगळ्या ठिकाणी भेटतात. अभ्यासासाठी त्या एका ठिकाणी आणल्या आहेत. म्हणून जागेचं नाव नाही, आणि मापं नमुन्याची आहेत.

स्मारक असं : काळ्या पाषाणाचं तीन पायऱ्यांचं जोतं, त्यावर चौकोनी स्तंभ, चारही अंगांना पांढऱ्या संगमरवराच्या पाट्या. प्रत्येक पाटी १.२ मीटर उंच, ७५ सेंटिमीटर रुंद, ५ सेंटिमीटर जाड, म्हणजे वजनाने साधारण १२० किलो. एका पाटीवर २८ नावं, एकूण ११२. अक्षरं इंग्रजी, २२ मिलिमीटर उंचीची, दगडात कोरून त्यात शिसं ठोकून भरलेली. नावाआधी क्रमांक आणि हुद्दा, शेवटी तारीख.

कार्यक्रम करणाऱ्या समितीची मागणी तीन कलमी होती. पाट्या ॲसिडने धुवायच्या, अक्षरं काळ्या ऑइलपेंटने भरून घ्यायची, जोत्याच्या दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, सिमेंटने बुजवायच्या. गंमत अशी नाही की ही मागणी अडाणीपणाची होती. याआधी दोनदा नेमकं हेच झालं होतं, आणि कार्यक्रमाच्या दिवशी स्मारक खरोखरच छान दिसलं होतं. नुकसान दिसायला पुढचे दोन-तीन पावसाळे लागतात.

नाव हीच कबर

काम सुरू करण्याआधी एक गोष्ट सगळ्यांच्या मनात पक्की असावी लागते : नामस्तंभावर जतन करायचं ते नाव. दगड त्या नावाचा आधार आहे. खडकीच्या युद्धस्मशानभूमीत हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. तिथे दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ कबरी आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात ज्या कबरींची कायमची देखभाल शक्य नव्हती, त्या तिथे हलवल्या गेल्या. त्याच आवारात १९१४-१९१८ च्या युद्धाचं स्मारक आहे. भारतात मरण पावलेल्या, आणि आज भारत-पाकिस्तानातल्या ज्यांच्या मूळ कबरी सांभाळता येत नाहीत अशा १,८०० हून अधिक सैनिकांची नावं त्यावर आहेत. मुंबईच्या शिवडी दफनभूमीतून जून १९६२ मध्ये इथे आणून पुन्हा पुरलेल्या ६२९ जणांचीही त्यात नोंद आहे. बाकी बहुतेकांचा देह कुठल्यातरी दूरच्या छावणीत आहे आणि खडकीत आहे ते फक्त नाव.

बहुतेक हिंदू सैनिकांच्या बाबतीत तर कबरीचा प्रश्नच नव्हता. दहन झालं, राख पाण्यात गेली, उरलं ते पाटीवरचं नाव. तेही सगळ्यांच्या वाट्याला आलं नाही. कॉमनवेल्थ युद्धकबर आयोगाने २०२१ मध्ये स्वतःच्याच कामाचा अहवाल प्रसिद्ध केला. पहिल्या महायुद्धातल्या ४५,००० ते ५४,००० मृतांची आठवण इतरांच्या बरोबरीने राखली गेली नाही, हे त्यात मान्य केलं आहे. त्यात भारतीय, पूर्व आणि पश्चिम आफ्रिकी, इजिप्शियन आणि सोमाली लोक होते. ज्या घरांतल्या माणसाचं नाव कुठे कोरलं गेलं, तिथे त्या नावातलं एक अक्षर पडणं ही लहान गोष्ट नाही.

पाहणीत काय सापडलं

पाहणीला लागलं ते इतकंच : दहापट भिंग, एक मोठा आरसा, बांबूची टोकदार काडी, आलेख कागद, कॅमेरा आणि तिपाई. उत्तरेकडच्या पाटीवर ऑक्टोबर-नोव्हेंबरात थेट ऊन येत नाही, त्यामुळे झिजलेली अक्षरं समोरून दिसत नाहीत. आरशाने ऊन वळवून पाटीवर अगदी तिरपं, जवळजवळ दगडाला घासून पाडलं की अक्षराच्या कडेची सावली उठते. खडू, पीठ किंवा राख चोळून अक्षर वाचायची पद्धत सर्रास आहे, ती कटाक्षाने टाळावी. पीठ बुरशीला खाद्य पुरवतं आणि खडूची पूड भोकांत बसून ओल धरते.

पाटीवर बोट फिरवलं तर संगमरवर गुळगुळीत लागत नव्हता. साखरेच्या दाण्यांवरून हात फिरवल्यासारखा खरखरीत लागत होता आणि बोटाला पांढरी पूड येत होती. पाण्याचा एक थेंब ठेवून पाहिलं. चांगल्या संगमरवरावर थेंब बराच वेळ फुगीर उभा राहतो, इथे तो मिनिटाच्या आत जिरला. ॲसिडची खूण हीच. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. बाजारात मिळणारं फरशी धुण्याचं ॲसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, त्याला थेट खातं. फेस येतो तो मळाचा नसतो, दगडाचाच असतो. वरून उजळ दिसणारा पांढरेपणा म्हणजे सोललेला दगड. दाण्यांमधली पकड जाते, उघड्या फटींत पाणी शिरतं, आणि मागे राहिलेलं कॅल्शियम क्लोराईड हवेतली ओल ओढून घेत राहतं. ओल आली की शेवाळ येतं. म्हणजे ॲसिडने धुतलेली पाटी न धुतलेल्या पाटीपेक्षा लवकर काळी पडते.

शिशावर मात्र अशा ॲसिडचा परिणाम तुलनेने फारच थोडा होतो. त्यामुळे दगड मागे हटला आणि शिसं जागच्या जागी राहिलं. नखाने कडेवरून पाहिलं तर अक्षर पाटीच्या पातळीपेक्षा वर आलेलं जाणवत होतं. अशा उचललेल्या कडेत झाडूची काडी, फडक्याचा धागा, पुष्पचक्राची तार अडकते आणि अक्षर उपटून येतं. सुमारे २,६०० अक्षर-अंकांपैकी २१४ ठिकाणचं शिसं गेलं होतं. बांबूच्या काडीने हलकेच दाबून पाहिल्यावर आणखी १३१ अक्षरं हलत होती. प्रत्येकाची जागा आलेख कागदावर पाटी, ओळ आणि अक्षराच्या क्रमाने मांडली : गेलेलं लाल, हलणारं पिवळं. हा नकाशा नसेल तर पुढचं सगळं काम अंदाजाने होतं.

काळ्या डागांबद्दल सगळ्यांचं मत "गाड्यांचा धूर" असं होतं. भिंगातून पाहिल्यावर तीन वेगळ्या गोष्टी निघाल्या. दक्षिण आणि पूर्वेच्या पाट्यांवर चिकट काळी बुरशी होती. वर वर्षावृक्षाची फांदी होती, त्यावरच्या किडींचा गोड चिकटा खाली ठिबकतो आणि त्यावर ही बुरशी वाढते. उत्तरेला ओलीत वाढणारं काळपट-हिरवं शेवाळ होतं. जोत्यावर राखाडी, चकत्यांसारखी वाढ होती, तिचं नाव पुणेकर स्वयंपाकघरात ओळखतो : दगडफूल. गोड्या मसाल्यात घालतो त्याचीच भावंडं. तिन्हींवर उपाय सारखा नाही, आणि पहिल्याचा उपाय तर पाटीवर नाहीच, झाडावर आहे. छावणी कार्यालयाच्या लेखी परवानगीने स्मारकावर झुकलेली ती एक फांदी काढली. झाड तोडायची सूचनाही आली होती, तिची गरज नव्हती.

रंगाऱ्याने बदललेल्या तारखा

या प्रकरणातला सगळ्यात गंभीर भाग दगडाचा नव्हता. शिसं गेलेल्या २१४ जागांपैकी बहुतेक जागा मागच्या खेपेला काळ्या ऑइलपेंटने "भरून" घेतल्या होत्या. शिसं गेलं की तळाला फक्त उथळ खाच आणि दोन-तीन भोकं राहतात. रंगारी ती भोकं जोडून अक्षर काढतो. नाव माहीत नसेल तर भोकं कशीही जुळतात.

पश्चिमेच्या पाटीवर एका ओळीत मृत्यूचं वर्ष १९१३ असं रंगवलेलं होतं. १९१३ मध्ये पहिलं महायुद्ध सुरूच झालं नव्हतं. आयोगाच्या नियमाने पहिल्या महायुद्धाचा कालावधी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ धरतात, दुसऱ्याचा ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. तिरप्या उजेडात भोकांची मांडणी पाहिल्यावर तो आकडा ८ निघाला, म्हणजे १९१८. महिना ऑक्टोबर. १९१८ च्या पावसाळ्याअखेरीस मुंबई इलाख्यात इन्फ्लुएन्झाने थैमान घातलं होतं आणि छावण्यांतही माणसं पटापट गेली. त्या पाटीवर ऑक्टोबर १९१८ च्या नोंदी एकापाठोपाठ एक येतात, त्यात ही चपखल बसली. अशा चुका वाचणाऱ्याला खटकतात तरी. क्रमांकातल्या १ चा ७ झाला तर तो कोणालाच खटकत नाही, आणि नातेवाईक अभिलेखात शोधायला गेला की त्याला माणूस सापडत नाही.

म्हणून नावं पडताळण्याचं काम दगडाच्या कामाआधी करायचं. क्रम असा ठेवावा : आधी दगडावर आज प्रत्यक्ष काय आहे ते अक्षरशः उतरवायचं, रंगवलेलं वेगळ्या शाईने. मग जुनी छायाचित्रं. मग आयोगाची सर्वांना खुली असलेली मृतांची यादी. तिच्यात क्रमांक, हुद्दा, पलटण आणि मृत्यूची तारीख असते, आणि अनेकदा बापाचं नाव आणि गावही. मग चर्चची दफनवही, पलटणीचं अभिलेख कार्यालय, आणि गाव समजलं असेल तर त्या जिल्ह्याचं सैनिक कल्याण कार्यालय. दोन स्वतंत्र नोंदी जुळल्या तरच दुरुस्ती मान्य करायची. मूळ कोरणाऱ्यानेच चूक केली असेल, म्हणजे खाच आणि भोकं चुकीच्या अक्षराचीच असतील, तर दगडाला हात लावायचा नाही. ते नोंदवहीत लिहायचं. तो दगड त्या काळचा दस्तऐवज आहे.

आवारातल्या ज्या कबरी किंवा पाट्या आयोगाच्या ताब्यात आहेत, त्यांच्या बाबतीत ही मुभाही नाही. तिथे साधा ब्रश मारायचा तरी आयोगाची लेखी संमती लागते. शेजारी शेजारी असलेल्या दोन दगडांचे मालक वेगळे असू शकतात, हे पाहणीच्या पहिल्याच दिवशी नकाशावर मांडून घ्यावं.

तीन आठवड्यांत काय करायचं, काय नाही

कार्यक्रमाआधी फक्त तीन गोष्टी केल्या : जैविक वाढीचा बंदोबस्त, पाण्याने धुणं आणि चुकीचा रंग काढणं. शिशाची अक्षरं, दरजा आणि पाट्यांच्या मागचं काम डिसेंबर-जानेवारीवर टाकलं. समितीला हे पटायला वेळ लागला, कारण कार्यक्रमाच्या दिवशी २१४ जागा रिकाम्या दिसणार होत्या. शेवटी स्मारकाशेजारी साध्या फळीवर पडताळलेली नावं छापून लावायची तोड निघाली. चुकीचं रंगवलेलं नाव दगडावर ठेवण्यापेक्षा रिकामी खाच आणि शेजारी बरोबर नाव, हे त्या माणसाला जास्त मान देणारं आहे.

एका ठेकेदाराने पाट्या यंत्राने घासून "नव्यासारखं पॉलिश" करून देण्याचा प्रस्ताव दिला होता. तो नाकारण्याचं कारण एकच : खाचेची खोली ३ मिलिमीटर. साखरेसारखा झालेला थर काढायला एक-दीड मिलिमीटर दगड घासावा लागतो. मग शिशाला धरायला निम्मी खाच उरते.

धुलाई

शेवाळ आणि दगडफुलासाठी बेंझाल्कोनियम क्लोराईड वापरलं. बाजारात ते ५० किंवा ८० टक्के द्रावणात मिळतं, मत्स्यशेतीच्या दुकानांतही. पाटीवर लागतं एक टक्का. ५० टक्क्यांचं असेल तर लिटरमागे २० मिलिलिटर, ८० टक्क्यांचं असेल तर साडेबारा. डबा बदलला की हिशेब बदलतो, आणि इथे चूक हमखास होते. पाट्यांचं क्षेत्रफळ ३.६ चौरस मीटर, जोतं आणि स्तंभ मिळून १४, म्हणजे सगळं मिळून साडेसतरा. चौरस मीटरला सुमारे ३०० मिलिलिटर, दोन हात, म्हणजे साडेदहा लिटर द्रावण. हातपंपाने खालून वर फवारायचं, कारण वरून सुरुवात केली की कोरड्या दगडावर ओघळ उमटतात.

आधी साबणाने धुवायचं नाही. नेहमीच्या साबणाचा अंश राहिला तर हे औषध निकामी होतं, आणि मग माणसं मात्रा वाढवत बसतात. हातमोजे आणि चष्मा लागतोच. पक्ष्यांचं पाण्याचं भांडं, जवळचं तळं झाकून ठेवायचं, माशांना ते घातक आहे. फवारल्यावर घासायचं नाही, वाट पाहायची. हिरवं शेवाळ आठवड्याभरात तपकिरी होतं. दगडफूल मरायला आणि सुटायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. ते खरवडलं तर दगडाचा पापुद्रा घेऊन येतं. कार्यक्रमाच्या दिवशी जोत्यावर त्याच्या फिकट चकत्या होत्याच. फेब्रुवारीत त्या मऊ ब्रशने आपोआप निघाल्या.

धुवायला नळाचं पाणी, शेवटची फेरी डिस्टिल्ड पाण्याची. आवारातली बोअर टाळली. बोअरचं पाणी बहुतेक वेळा जड असतं आणि वाळल्यावर पांढरे पट्टे सोडतं. एका पाटीला ३५ ते ४० लिटर पाणी पुरलं, मऊ नैसर्गिक केसांचा ब्रश आणि स्पंज. हलणाऱ्या १३१ अक्षरांवर ब्रश फिरवला नाही, नुसता ओला स्पंज टेकवला. गाड्या धुण्याचा प्रेशर पंप अशा पाटीवर चालवणं म्हणजे दाणे आणि अक्षरं दोन्ही उडवणं.

ऑइलपेंट काढायला जेलच्या रूपातलं रंगउतारक घेतलं. पेंटच्या खाचेतच बारीक ब्रशने भरायचं, वर प्लॅस्टिक, वीस मिनिटांनी लाकडी काडीने उचलायचं, स्पिरिटच्या बोळ्याने टिपायचं. एका वेळी चार-पाच अक्षरं. जास्त पसरलं तर विरघळलेला काळा रंग सच्छिद्र संगमरवरात उतरतो आणि कायमची सावली पडते. दोन जागी तशी सावली पडली आहे. तिथे जेल तासभर राहून गेलं होतं.

शिसं भरणं

हे काम डिसेंबरच्या कोरड्या हवेत केलं. १३१ हलणाऱ्या अक्षरांपैकी ७१ अक्षरं मऊ लाकडाचा ठोकळा ठेवून मोगरीने हलके ठोकल्यावर घट्ट बसली. उरलेली ६० आणि गेलेली २१४, असा २७४ अक्षरांचा हिशेब धरला; नाव न जुळलेल्या दोन ओळींच्या खाचा मात्र भरताना त्यातून वगळल्या. एका अक्षराला साधारण ६ ग्रॅम शिसं लागतं, म्हणजे दीड किलोच्या वर. पण पट्टी खाचेपेक्षा जाड घ्यावी लागते आणि वरचा भाग छाटून जातो, त्यामुळे साडेतीन किलो आणलं.

पाथरवटाची पद्धत जुनीच आहे. खाच कोरड्या ब्रशने साफ करायची. रेघांच्या टोकांना असलेली भोकं बुजली असतील तर अडीच मिलिमीटरच्या हातड्रिलने मोकळी करायची, ५-६ मिलिमीटर खोल. ती सरळ नसतात. एक डावीकडे तिरपं, दुसरं उजवीकडे. शिसं त्यांत उतरलं की दोन विरुद्ध दिशांना रुतलेल्या मुळांसारखं अक्षर धरून ठेवतं. ड्रिल सरळ चालवलं तर हीच पकड जाते. मग शिशाची पट्टी अक्षराच्या आकाराला वाकवून खाचेवर ठेवायची आणि लाकडी मोगरीने मधून टोकाकडे ठोकत जायचं. लोखंडी हातोडा नको, घाव शिशातून थेट दगडाच्या कडेवर बसतो आणि साखर झालेली कड ढासळते. शिसं भोकांत उतरलं की ठोक्याचा आवाज बदलतो : आधी टपटप पोकळ, मग एकदम बसका. कारागीर त्या आवाजावरच थांबतो. शेवटी धारदार रुंद छिन्नी पाटीला जवळजवळ टेकवून जादा शिसं साली काढल्यासारखं छाटायचं. पॉलिश पेपर फिरवायचा नाही. शिशाची कोरडी धूळ फुप्फुसात जाते आणि दगडही घासला जातो.

दिवसाला साधारण २५ अक्षरं, दहा-अकरा दिवस. हात धुतल्याशिवाय चहा-तंबाखू नाही, छाटलेलं शिसं मोजून डब्यात. नवी अक्षरं सुरुवातीला चांदीसारखी चकाकतात आणि जुन्यांत उठून दिसतात. काही महिन्यांत ती आपसूक राखाडी होतात. रंगवायची घाई करू नये.

जोतं

इथलं काम ठरावीक आहे, थोडक्यात सांगता येतं. सिमेंटच्या दरजा कडक आणि घट्ट, त्यामुळे आतली ओल दरजेतून बाहेर पडायची ती दगडातून पडत होती आणि कडांना लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, लागला होता. सिमेंट छिन्नीने हातानेच काढलं, ग्राइंडर लावला की चिऱ्याच्या कडा कापल्या जातात. २५ मिलिमीटर खोल मोकळं करून १ भाग विरवून मुरवलेला चुना, २ भाग धुतलेली वाळू, १ भाग सुरखी (विटांची पूड) असा माल भरला. चुना किमान तीन आठवडे पाण्याखाली मुरलेला हवा. दुकानातल्या पिशवीतली फक्की कधीची आहे याचा भरवसा नसतो. वर आठ दिवस ओलं गोणपाट. लोणा लागलेल्या कडांवर कागदाचा लगदा आणि चिनी मातीचा बोटभर लेप दोनदा दिला. लेप वाळताना क्षार ओढून घेतो.

उत्तरेच्या पाटीचा वरचा कोपरा फुटला होता, कारण आतला लोखंडी चिमटा गंजून फुगला होता. गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा घेतो, संगमरवर ते सोसत नाही. पाटी लाकडी तिकाटण्यावर साखळी-कप्पीने उतरवून चिमटे ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे बसवले. मागे पिंपळाचं रोप होतं. ते ओढून काढलं असतं तर मूळ तुटून आत राहिलं असतं. पाटी उतरवल्यामुळे मूळ अख्खं निघालं. वॉटरप्रूफ कोट कुठेही दिला नाही. आतली ओल कोंडली की पापुद्रे सुटतात.

मराठी पाटी

माजी सैनिकांनी एक रास्त मागणी केली : नावं देवनागरीत वाचता यावीत. यातली कित्येक माणसं पुणे-सातारा-कोकणच्या खेड्यांतली, आणि त्यांच्या घरचे आले तर त्यांना ती इंग्रजी अक्षरं परकी वाटतात. मूळ दगडावर भर घालायची नाही, शेजारी वेगळ्या चौथऱ्यावर पाटी करायची असं ठरलं.

अडचण लिप्यंतराची. इंग्रजीतून उलट फिरताना मराठी आडनाव सरळ परत येत नाही. "मोरे" चा शेवटचा एकार इंग्रजी वाचणारा सोडून देतो आणि पहिल्या कच्च्या यादीत ते "मोर" झालं होतं. ळ आणि ल, ठ आणि थ, ण आणि न, दीर्घ आणि ऱ्हस्व इंग्रजीत एकच. "काळे" की "काले", "साठे" की "साथे", "दाभाडे" की "दभाडे" हे अक्षरांवरून ठरत नाही, गावावरून ठरतं. अभिलेखात गाव सापडलं की त्या गावात आज कोणतं आडनाव आहे ते विचारायचं. काही वेळा त्या गावात महायुद्धाची संगमरवरी पाटी असते : या गावातून इतके जण महायुद्धात गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले. त्या पाटीवर सहसा नुसता आकडा असतो, नाव नसतं. पण आकडा जुळला तरी शोध योग्य गावात चालला आहे एवढा धीर येतो.

कोरण्याचं तंत्रही वेगळं. देवनागरीत शिरोरेषा सलग असते. संगमरवरात ती खोल कोरली की तिच्या खालचा दगड, विशेषतः ळ आणि थ च्या वळणांमधला, टिकत नाही. अक्षर २५ मिलिमीटरपेक्षा लहान घेऊ नये, रेघ ३ मिलिमीटर, आणि दोन ओळींत अक्षराच्या उंचीच्या पावणेदोन पट अंतर, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला भिडतो. संगमरवरात शिरोरेषा टिकत नाही म्हणून काळा ग्रॅनाइट घेतला. मजकूर संगणकावरून थेट यंत्राला दिला नाही. आधी पूर्ण मापाचा कागदी छाप काढून तो तिघांनी मोठ्याने वाचला. जोडाक्षर फुटणं, रफार पुढच्या अक्षरावर जाणं अशा चार चुका त्या वाचनात निघाल्या.

हार, मेणबत्ती आणि वही

कार्यक्रमांनंतरची हानी पावसापेक्षा जास्त असते. ओल्या संगमरवरावर झेंडूचा हार रात्रभर राहिला की पिवळा डाग आत उतरतो. पुष्पचक्राच्या तारेने गंजाची कडी उमटते. कुंकू, तेलाचा दिवा, नारळाचं पाणी, सगळं सच्छिद्र दगड पितो. भावना अडवायची नाही, जागा बदलायची : पायरीपुढे काळ्या दगडाचा एक सुटा चौरंग ठेवला, हार-दिवा-नारळ तिथे. पाटीला काहीही टेकवायचं नाही आणि सगळं त्याच संध्याकाळी उचलायचं. मेण सांडलंच तर बर्फाने कडक करून लाकडी पट्टीने, गरम पाण्याने कधीच नाही.

वर्षातून दोनदा पाहणी पुरते, मे अखेरीस आणि ऑक्टोबरमध्ये. बांबूची काडी, आरसा आणि तोच आलेख कागद. हलणारं अक्षर पडण्याआधी ठोकलं तर दोन मिनिटांचं काम. पडल्यावर अर्धा दिवस जातो आणि नाव पुन्हा पडताळावं लागतं.

११२ पैकी ११० नावं दोन नोंदींनी जुळली. उत्तरेच्या पाटीवरच्या दोन ओळींत हुद्दा आणि क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे तेवढे वाचता येतात, नावाच्या जागी फक्त भोकं आहेत. एकाच्या बाबतीत तीन शक्यता निघतात, दुसऱ्याच्या बाबतीत एकही नाही. त्या खाचांत शिसं भरलेलं नाही. भोकांची मापं, त्यांच्यातलं अंतर आणि तिरप्या उजेडातली छायाचित्रं नोंदवहीत आहेत. ग्रॅनाइटच्या पाटीवर पंधराव्या आणि बाविसाव्या ओळीत हुद्दा कोरून पुढची जागा मोकळी ठेवली आहे, पूर्ण नाव बसेल इतकी.